लाल दोऱ्याचं माप

१२ जानेवारी, रविवार

या घरात चोरी होत आहे, याची नोंद मी आज पूर्ण गांभीर्याने करत आहे. चोरीला गेलेली वस्तू म्हणजे लाल दोऱ्याचं रीळ. ते माझ्या टेबलाच्या उजव्या खणात राहतं. छापून आलेल्या माझ्या बातम्यांची कात्रणं बांधणे याखेरीज त्याला दुसरा धंदा नाही, आणि बातम्या बेताच्याच छापून येत असल्यामुळे एक रीळ मला वर्षानुवर्षं पुरतं. तरीही दिवाळीपासून ते रोडावत चाललं होतं आणि आज तर खण रिकामाच. बायकोला, रुख्माला विचारलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "उंदरानं नेलं असन."

कागद सोडून दोराच नेणारा उंदीर माझ्या ऐकिवात नाही. आमच्या उंदराचं माझ्या लेखनाबद्दल इतकं स्पष्ट मत असेल, असं वाटलं नव्हतं.

दुपारी नागपूरहून संपादकांचा फोन. लग्नसराईची पुरवणी काढताहेत. "टेकचंदजी, धानखरेदी आणि बिबट्या पुष्कळ झाला. जरा हलकंफुलकं लिहा. साखरपुड्याच्या अंगठ्या कशा बदलत गेल्या, लोक त्या कशा घेतात, असं काहीतरी. शिवाय तुमच्या घरीच कार्य आहे ना?" म्हणजे प्रवासखर्च द्यायला नको. संस्कृत घेऊन एम.ए. झालो तेव्हा आयुष्यात आपण काय काय लिहू याची मी बरीच मोठी कल्पना केली होती. त्यात अंगठी नव्हती.

कार्य आहे हे मात्र खरं. आमच्या लेकीचा, प्रेरणाचा साखरपुडा २३ फेब्रुवारीला. मुलगा हिमांशु, सडक अर्जुनीचा, नोकरी हैदराबादला. दोघांनी एकमेकांना आधी पसंत केलं आणि नंतर आम्हांला कळवलं. आम्हीही पसंत केलं. दुसरा पर्याय नव्हता, आणि मुलगा चांगला आहे.

१५ जानेवारी, बुधवार

लेखाच्या निमित्ताने कैलाश सोनीच्या सराफी दुकानात जाऊन बसलो. आमच्या या गोंदियाकडच्या गोरेगावातली निम्मी लग्नं याच्या बापाच्या आणि याच्या हातून गेली. गादी काढून काचेचं काउंटर आणलंय, पण गिऱ्हाईक नव्हतं. "पहले लडकी का बाप आता था," तो म्हणाला, "अब लडकी का मोबाइल आता है. मोबाइल आके फोटो खिंचता है, और चला जाता है."

पूर्वी आमच्यात मुलीला अंगठी घालायचा सोहळाच नव्हता. ओटीत नारळ, लुगडं, कपाळाला कुंकू, झालं. पुढे अंगठी आली तरी ती पसंत करायला सासू, दोन काक्या आणि एक भांडकुदळ आत्या यायची. मुलीचं बोट काही यायचं नाही. मुलीची आई दोऱ्याला बोटाच्या मापाची गाठ मारून, हळदीच्या कापडात गुंडाळून मध्यस्थाच्या हाती पाठवायची. सोनार त्या गाठीवर अंगठी घडवायचा. रुख्माच्या बोटाची तशी गाठ आमच्या घरी आली होती. मी तिचं तोंड नीट पाहिलं नव्हतं, पण गाठ पाहिली होती. आईची नजर चुकवून माझ्या बोटात घालून बघितली, तर ती करंगळीच्या पहिल्या पेरावरच अडली. म्हटलं, बाई नाजूक दिसते.

त्यानंतर नावाच्या पहिल्या अक्षराच्या अंगठ्या आल्या. मग नवरत्नांच्या, मग अमेरिकन हिऱ्यांच्या, मग दोघांच्या सारख्या प्लॅटिनमच्या. आता प्रयोगशाळेत पिकवलेला हिरा. कैलाश म्हणतो, आताची पोरं अंगठी घेतात इंटरनेटवर आणि सैल झाली की त्याच्याकडे आणतात, घट्ट करून मागायला. त्यावरून त्याला आठवलं. "भाभी भी आयी थी ना दिवाली के बाद. अपनी अंगूठी छोटी करानी थी. मैं बोला काटना पडेगा, तो वापस ले गयी. फिर आयीच नहीं."

सोनंही वापरून झिजतं आणि झिजलं की सैल होत असणार. माझं भौतिकशास्त्र एवढंच.

२१ जानेवारी, मंगळवार

हिमांशुचा फोन. आवाज खाली घेऊन बोलत होता. "काका, प्रेरणाला सरप्राइज द्यायचंय. अंगठी ऑनलाइन बनवून घेतोय. तिच्या बोटाचं माप हवंय, पण तिला कळता कामा नये."

प्रेरणा नागपुरात बँकेत. तिचं बोट तिच्याबरोबर. तेव्हा मी न्यायशास्त्राचा आधार घेतला. प्रत्यक्ष प्रमाण नसेल तेव्हा अनुमान करावं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, चढून जाऊन चटका घ्यायची गरज नाही. आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे की मायलेकींचं बोट एकच. प्रेरणा बारावी झाल्यापासून दर सणाला आईची अंगठी घालून मिरवते आणि ती तिला बेतल्यासारखी बसते. यंदाच्या दिवाळीतही पाडव्याला तीच घातली होती. म्हणजे रुख्माचं बोट मोजलं की झालं.

रुख्मा अंगणात तांदूळ निवडत होती. म्हटलं, "हात दे."

"काऊन?"

"लेखासाठी. जुन्या पद्धतीचं माप कसं घेत ते लिहायचंय."

"अख्ख्या गोरेगावात तुमाले माहंच बोट भेटलं का जी?"

बोटात अंगठी नव्हती. विचारलं तर म्हणाली, कणकेत चिकटते म्हणून काढून ठेवली. इतक्या वर्षांत कणीक आत्ताच चिकट झाली का, असं मी विचारलं. ती हसली. दोरा हवा होता. तिने आत जाऊन शिवणाच्या डब्यातून आणून दिला. लाल दोरा. "उंदरानं परत केला वाटते," मी म्हणालो.

गाठ मारली. दोरा बोटावरून अलगद निघाला. "अजून सोळा वर्षांच्या पोरीचं बोट आहे तुझं," मी म्हटलं. हे वाक्य एरवी तिला आवडलं असतं. ती त्या गाठीकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "झालं ना तुमचं? मले तांदूळ राहिले अजून."

गाठ पट्टीवर ठेवून फोटो पाठवला. हिमांशु म्हणाला, "काका, एवढं बारीक?" मी म्हटलं, आमच्या घराण्यात बोटं नाजूकच.

२ फेब्रुवारी, रविवार

सध्या रुख्माने पेजेचं व्रत धरलंय. भात आमच्या ताटात, तिच्या वाटीत पातळ पेज. दाढ दुखते म्हणते. कोणती, हे विचारलं तर रोज वेगळ्या बाजूची. माझा संशय निराळा आहे. साखरपुड्याच्या फोटोत विहीणबाईंपेक्षा बारीक दिसायचं, असा हा कट असावा. ब्लाउजही आत घालून घेतलेत. म्हटलं, "नवरी कोण आहे, तू का प्रेरणा?" तर म्हणते, "तुमाले काय, तुमचं पोट कोनी फोटोत घेत नाही."

प्रेरणाचा व्हिडिओ कॉल. रुख्माला फोन धरता येत नाही. पोरीला अर्धा तास छताचा पंखा दिसला. शेवटी प्रेरणा माझ्यावरच चिडली. "बाबा, आईला फोन सरळ धरायला शिकवा ना. दिवाळीपासून मी तिचं तोंड नाही पाहिलं. संक्रांतीला येत होते तर म्हणे सुटी वाचव."

शिकवायला गेलो. "मले येते," रुख्मा म्हणाली, आणि फोन उलटा ठेवून दिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कचारगडच्या यात्रेहून परत. दरवर्षीची बातमी, धूळ, ढोल, गुहेकडे चढणारी रांग. पण यंदा लेखाचं भूत मानगुटीवर असल्यामुळे मी अंगठ्यांच्या दुकानापाशीच जास्त उभा होतो. स्टीलच्या अंगठ्यांवर यंत्राने नाव कोरून देणारा एक जण बसला होता. एक जोडपं आलं. पोरीने डब्यात हात घालून दोन अंगठ्या काढल्या, पोराने बोटात घालून पाहिल्या, नावं कोरून घेतली, तिथेच एकमेकांना घातल्या आणि भजी खायला गेले. सासू नाही, आत्या नाही, सरप्राइज नाही. हा परिच्छेद लेखात घालावा, पण पुरवणीच्या जाहिरातदारांना तो मानवणार नाही.

मी नव्हतो तेव्हा रुख्मा गोंदियाला जाऊन आली, ब्लाउज शिवायला. ब्लाउज आणला नाही. टेलर गावाला गेलेला. आवाज पार बसलाय, घोगरा येतोय. बसच्या खिडकीत वारं लागलं म्हणते. कोपराच्या आतल्या बाजूला पट्टीने कापूस चिकटवलेला दिसला. "हे काय?" तर म्हणे, "गर्दीत काहीतरी टोचलं." एसटीच्या पत्र्यांवर मी दोनदा लिहिलंय, तिसऱ्यांदा लिहायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अंगठी सडक अर्जुनीला पोचली. हिमांशुने फोटो पाठवला. डबी उघडली की आत दिवा लागतो. त्याचे वडील दुलीचंदजी फोनवर म्हणाले, "साहेब, प्रयोगशाळेतला हिरा म्हनजे कसा, परीक्षा पास झालेला का नापास?" मी म्हटलं, निकाल तेवीस तारखेला.

लेख जवळजवळ झाला. शेवट तेवढा राहिलाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज क्रमाने लिहितो.

सडक अर्जुनीचं लॉन, हायवेला लागून. ट्रकचा हॉर्न वाजला की माइकवरच्या पोराचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. प्रेरणा नागपूरहून थेट तिथे आली, पार्लरवालीला घेऊन, आणि आत खोलीत गेली. स्टेजवर येईपर्यंत मायलेकींची भेट नाही. धुराचं यंत्र, डोक्यावर ड्रोन. मग माइकवरचा म्हणाला, "और अब वो पल..." आणि हिमांशु गुडघ्यावर बसला. आमच्याकडे हेही आता येऊन पोचलं आहे.

अंगठी दुसऱ्या पेराशी अडली.

आधी लोक हसले. हिमांशुने फिरवून पाहिली, दाबून पाहिली. कपाळावर घाम. कोणी म्हणे साबण आणा, कोणी म्हणे तेल. "प्यार में थोडी तकलीफ तो होती है," माइकवाला. हिमांशुच्या आत्या गीताबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या शेजारणीला सांगत होत्या, पण सगळ्या मांडवाला ऐकू आलं. "मी काही बोलत नाही बाई. पन पहिल्याच कार्यात असं अडनं चांगलं नसते." प्रेरणाचं बोट लाल झालं होतं आणि डोळे भरले होते. मी मनात कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा जुळवत होतो. माप अचूक पाठवलं होतं, फोटोसकट.

रुख्मा माझ्या बाजूला होती. तिने पाठ फिरवली. पदराआड बोटातली अंगठी काढली, दातांनी काहीतरी तोडलं, बोटांनी ओढून काढलं. मग पुढे गेली आणि हिमांशुला म्हणाली, "बेटा, हे घाल. हे बसन."

तिच्या साखरपुड्याची अंगठी. मधोमध पान कोरलेली, जुन्या पद्धतीची. प्रेरणाच्या बोटात ती सरळ गेली. टाळ्या पडल्या. गीताबाईसुद्धा म्हणाल्या, "माय, काय योग हाय!" फुलं उडाली, ड्रोन खाली आला. प्रेरणाने आईला मिठी मारली.

माझ्या पायाशी लाल दोरा पडला होता. मी वाकून उचलला. अंगठीच्या आत गुंडाळून गुंडाळून त्याला वेटोळ्याचा आकार आला होता. ओढला तर येतच राहिला. हातभर. त्याहून जास्त.

मान वर केली तेव्हा प्रेरणाची मिठी सुटली नव्हती. तिचे हात आईच्या पाठीवरून फिरत होते, हळूहळू, आधी खांदे, मग फासळ्या. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. एवढा वेळ ती रडवेली होती. आता रडत नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माझं माप चुकलं नव्हतं. हे मला परवाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे त्याच दिवशी, अंगणात. पाडव्याला मायलेकींचं बोट एकच होतं आणि जानेवारीत नव्हतं. वाढत्या वयाची पोर नाही की तिचं बोट वाढेल.

स्वयंपाकघरात गेलो. ती पेज ढवळत होती. दोरा ओट्यावर ठेवला. तिने पाहिला, आणि ढवळत राहिली.

"उंदीर सापडला वाटते," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा.

"गोंदियाला कोणता टेलर आहे?"

तिने गॅस बंद केला. "टेलर नाही जी. डॉक्टर. नळी घालून पाह्यलं. घशाच्या खाली गाठ हाय म्हनते. तुकडा काढून नागपूरले पाठवला."

"एकटी गेलीस?"

"एसटी रिकामी होती. जागा भेटली."

 वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. शेवटी विचारलं, "मला कधी सांगणार होतीस?"

"पोरगी सासरी गेल्यावर."

"काऊन?" तिचीच बोली माझ्या तोंडात आली.

"आधी सांगतलं असतं त दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक त ते लोक थांबले असते. नाही त लवकर उरका म्हनले असते, माय पाह्यला पायजे म्हनून. मले तसं घाईचं लग्न नोको होतं माह्या पोरीचं. लोक जेवून राह्यले न् माह्याकडं पाहून राह्यले, असं." तिने वाटी पुढे ओढली, पेज ओतली, प्यायली नाही. "घास उतरत नाही दिवाळीपासून. पानी उतरते अजून."

"आणि अंगठी? कैलाशकडे गेली होतीस ना लहान करायला?"

"कापावी लागते म्हने." मी मूर्ख असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. ते बरोबरच होतं. "कापली असती त तिच्या बोटात कशी गेली असती जी? तिलेच द्यायची होती. लग्नाच्या दिवशी देनार होतो. दोन महिने आधी गेली, एवढंच."

धूर दिवाळीपासून दिसत होता. पेज, पंखा, ब्लाउज, कापूस, आवाज. एकेका धुरावर मी एकेक विनोद केला आणि तो या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला.

१ मार्च, शनिवार

प्रेरणा बुधवारीच आली. तिने रजा काढलीय. आईजवळ झोपते. दोघी काय बोलतात ते मला ऐकू येत नाही, पण हसण्याचा आवाज येतो.

दुलीचंदजींना मीच फोन केला. रुख्माचा विरोध होता. मी लपवलं असतं तर पुढे तिच्याइतकं नीट लपवता आलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, "तारीख तुमी सांगा. आमचं काही नाही. पहिले वहिनींचं पाहा." हिमांशु नागपूरला येतोय, सोमवारी. अहवाल सोमवारी मिळणार आहे आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नंबर लावलाय. त्याच्या अंगठीचं काय ते विचारलं, तर म्हणाला, "काका, ती राहू द्या. प्रेरणा आईची अंगठी काढायला तयार नाही. आणि आईच्या बोटाला काही नको का?" म्हणून दिव्याच्या डबीतली ती अंगठी त्याने प्रेरणाबरोबर पाठवलीय. नाजूक, नव्या पद्धतीची, माझ्या चुकीच्या मापाची. रुख्माच्या बोटात ती दोऱ्याशिवाय बसली. आज सकाळी ती घालूनच तिने आंघोळ केली, केस विंचरले आणि आरशात हात बघितला. "चमकते पोट्टी," अंगठीला म्हणाली.

संपादकांचा फोन आला. लेख आवडला, पण शेवट जरा खेळकर हवा म्हणे. देतो म्हटलं.

बॅग भरून झालीय. शाल, पेजेचा थर्मास, गोंदियाच्या डॉक्टरांचे कागद. रुख्मा झोपलीय. हात पांघरुणाबाहेर आहे. बसते तशी बसलीय अंगठी, पण किती दिवस बसेल, ते मी बघत बसलोय.

लाल दोऱ्याच्या चोरीची तक्रार मी मागे घेत आहे. ती तक्रारच नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरच्या मृत्यूच्या बातम्या मी चार ओळींत बसवल्या, त्यामुळे खरी गोष्ट कशी लिहायची याची सवय राहिली नाही. ती अशी आहे. मला सोमवारची भीती वाटते. रुख्मा मरेल, अशी भीती वाटते.